खिंडीतून परत



बीरगांवात पावसाची पहिली सर काळी असते. उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहतींच्या कुशीत हे गाव वसले आहे. स्पंज आयर्नच्या भट्ट्यांची काजळी उन्हाळाभर गच्चीवर साचते आणि जूनमध्ये पन्हाळीतून खाली येते. रायपूर शहराला लागूनच असले तरी बीरगांवचे स्वतःचे नगर निगम आहे. केंद्र सरकारच्या एका महसुली खात्यातील नोकरीमुळे मी येथे राहतो. येथून डोंगर दिसत नाही. त्यामुळेच असेल कदाचित, पण दरवर्षी पावसाळा सरता सरता आम्हा काही मराठी मंडळींना सह्याद्रीची आठवण अनावर होते.

आम्ही म्हणजे रायपूर, भिलाई आणि नागपूर येथील अकरा जण. सर्वांत धाकटी मुलगी चोवीस वर्षांची, आणि सर्वांत ज्येष्ठ म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले काका, वय सदुसष्ट. यांतील चौघांच्या घराण्यांना छत्तीसगडात चार-पाच पिढ्या झाल्या आहेत. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजीराजे १७५८ पासून रतनपूरला राहून कारभार पाहत होते. त्या काळापासून पुढे जी मराठी कुटुंबे इकडे येत राहिली, त्यांचे हे वंशज. त्यांच्या मराठीत हिंदीचा हेल आहे, परंतु सह्याद्रीचे नाव काढले की डोळ्यांत येणारी चमक अस्सल आहे. परप्रांतात राहणाऱ्या माझ्या वाचकांना ती वेगळी सांगायला नको.

सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही भंडारदऱ्याचा बेत आखला. पितृपक्ष असल्याने गर्दी कमी आणि राहण्याची सोय स्वस्त. रायपूरहून गाडीने इगतपुरी, तेथून जीपने घोटीमार्गे भंडारदरा. पहिल्या दिवशी कळसूबाई, दुसऱ्या दिवशी जलाशयाच्या काठाकाठाने रतनवाडीपर्यंत चाल, तिसऱ्या दिवशी रतनगड, चौथ्या दिवशी कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेतमार्गे पाचनई आणि पाचव्या दिवशी हरिश्चंद्रगड. कार्यक्रम मी तयार केला होता, टंकलिखित करून सर्वांना पाठवला होता. खजिनदारही मीच होतो. तीस वर्षे सरकारी नोकरी केलेल्या माणसाकडे अशी कामे आपोआप चालत येतात.

कळसूबाईने सुरुवातीलाच हवामानाची ओळख करून दिली. बारी गावातून निघालो तेव्हा लख्ख ऊन होते. भातखाचरे पोपटी दिसत होती. पहिल्या लोखंडी शिडीपाशी ढग उतरले, दुसरीपाशी पावसाने झोडपले आणि १६४६ मीटर उंचीवरच्या देवीच्या देवळापाशी पोहोचलो तेव्हा हाताच्या अंतरावरचा माणूस दिसेना. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखरावर उभे राहून आम्ही अर्धा तास पांढऱ्या भिंतीकडे पाहत होतो. मग अचानक पडदा बाजूला झाल्यासारखे झाले. खाली भंडारदऱ्याचे पाणी चमकले, पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग दिसले. दोन मिनिटांत सारे पुन्हा मिटले. आमच्यातील मावशींनी देवीला हात जोडले आणि म्हणाल्या, "दोन मिनिटं दिलीस, पुष्कळ झालं."

दुसऱ्या दिवशीची चाल जलाशयाच्या काठाने होती. या पाण्याचा इतिहास प्रशासनाच्या विद्यार्थ्याने अवश्य समजून घ्यावा असा आहे. प्रवरा नदीवरील हे धरण बांधण्यास १९१० मध्ये सुरुवात झाली आणि १९२६ मध्ये ते पूर्ण झाले. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव धरणाला दिले गेले. उंची सुमारे ८२ मीटर, साठा सुमारे ११ अब्ज घनफूट. योगायोग असा, की आमच्या धमतरी जिल्ह्यातील मुरुमसिल्लीचे धरणही त्याच काळातले, १९१४ ते १९२३ मधले. दोन्हीकडे हेतू एकच होता. डोंगरातले पाणी अडवायचे आणि खालच्या अवर्षणग्रस्त शेतीला पुरवायचे.

भंडारदऱ्याच्या बाबतीत हा हेतू चांगलाच सफल झाला. प्रवरेच्या कालव्यांनी श्रीरामपूर-राहुरी भागाचे रूप पालटले. ऊस आला, आणि उसापाठोपाठ लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९५०-५१ च्या हंगामात त्याचे पहिले गाळप झाले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे अध्यक्ष होते. आमच्या एम.ए.च्या वर्गात गाडगीळांचे नाव नियोजन आयोगाच्या संदर्भात येई. परंतु खेड्यातील शेतकऱ्यांच्या कारखान्याचा कारभार पाहणारे गाडगीळ मला अधिक मोठे वाटत आले आहेत.

हे सारे मी वाटेत तरुण मंडळींना सांगत होतो. आमचे वाटाडे मामा पुढे चालत होते. ते रतनवाडीच्या परिसरातील महादेव कोळी समाजाचे शेतकरी, वय पन्नाशीच्या पुढे. माझे व्याख्यान संपल्यावर ते थांबले आणि पाण्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आमच्या पणजोबांची खाचरं तिथं खाली हायेत, साहेब. एप्रिलात पाणी आटलं की बांध दिसत्यात." पुढे चालता चालता त्यांनी हेही सांगितले, की एप्रिल-मेमध्ये त्यांच्या वस्तीवरच्या बायकांना हंडा घेऊन लांब जावे लागते. या घाटमाथ्यावर वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खाली जिल्ह्याच्या पूर्वेला तो पाच-सहाशेच्या घरात असतो. जेथे पाऊस पडतो तेथे पाणी थांबत नाही आणि जेथे पाणी थांबवले तेथून ते खालच्यांसाठी असते. प्रवरेवरच खाली निळवंडे धरण आहे. १९७० मध्ये त्याला मंजुरी मिळाली आणि त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले ऑक्टोबर २०२३ मध्ये. मंजुरी आणि पाणी यांच्या मध्ये एका माणसाचे अख्खे कर्तृत्वाचे वय बसते. आकडेवारी मला पाठ होती, परंतु पाण्याखालचे बांध मला कोणी दाखवले नव्हते. असो.

रतनवाडीला अमृतेश्वराच्या प्राचीन मंदिराजवळ मुक्काम झाला. तिसऱ्या दिवशी रतनगडही झाला. शिड्या, दरवाजे, वरची टाकी आणि कड्याला आरपार भोक पाडणारे ते प्रसिद्ध नेढे, जेथे वारा माणसाला उभे राहू देत नाही. गडावर सोनकी फुलली होती. दिवसभरात सात वेळा रेनकोट चढवला आणि सात वेळा उतरवला. संध्याकाळी मामांच्या घरी नागलीची भाकरी, पिठले आणि ठेचा होता. मामा म्हणाले, "उत्तरा नक्षत्र चाललंय. पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा, असं म्हणत्यात. भाताला चांगलं, चालणाऱ्याला वाईट."

आता जे मुख्य सांगायचे आहे त्याकडे येतो.

मामांशी आणि त्यांच्याबरोबरच्या दोन ओझेकऱ्यांशी व्यवहार मी ठरवला होता. एकूण नऊ हजार रुपये. अर्धे आगाऊ आणि उरलेले अर्धे "पाचनई येथे पोहोचल्यावर". ही अट मी कागदावर लिहून घेतली होती आणि मनातून तिचा मला थोडा अभिमानही होता. काम पूर्ण झाल्यावरच पूर्ण मोबदला, हे तत्त्व मी आयुष्यभर कंत्राटांच्या फायलींवर लिहीत आलो आहे. ज्याला काम सोपवायचे त्याचे हित आपल्या हिताशी बांधून टाकावे, म्हणजे देखरेखीची गरज उरत नाही, असे अर्थशास्त्रात शिकवतात. ते चुकीचेही नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मोबाइलला थोडी रेंज मिळाली तेव्हा मी हवामानाचा इशारा पाहिला. जिल्ह्यासाठी पिवळा रंग होता. पिवळा म्हणजे सावध राहा, एवढेच. इशाऱ्यात चूक नव्हती, माझ्या वाचनात होती. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. त्याच्या पूर्वेला मैदान आणि पश्चिमेला हा घाटमाथा. एवढ्या मोठ्या प्रदेशाला दिलेला एक रंग म्हणजे सरासरीच, आणि सरासरी कधी कोणाच्या डोक्यावर पडत नाही. जिल्हा हा कारभाराचा घटक आहे, ढगांचा नव्हे. हे मला त्या सकाळी सुचले नाही, याची आज लाज वाटते.

सात वाजता निघालो. ऊन होते. जंगलातील चढ संपवून खिंडीच्या तोंडाशी पोहोचायला साडेदहा वाजले. तेवढ्यात कोकणाकडून ढग आले आणि पाऊस सुरू झाला. आम्हाला त्याचे काहीच वाटले नाही. तीन दिवसांत असे वीस वेळा झाले होते. मामा मात्र एका दगडावर चढून पलीकडे पाहत राहिले. मग एकटेच खिंडीपलीकडे थोडे उतरून गेले. वीस मिनिटांनी परत आले आणि म्हणाले, "साहेब, पुढं जायचं नाही."

मी कारण विचारले. ते म्हणाले, "आवाज बदललाय पाण्याचा. कुमशेतच्या अंगाला वढे हायेत. आत्ता उतरू, पण पाणी फुगलं तर पुढंबी जाता येणार नाही आन मागंबी येता येणार नाही. ताई आहेत, काका आहेत."

मी घड्याळ पाहिले. आमच्या कार्यक्रमानुसार दुपारी दोनला कुमशेत. पाचनईला जेवणाची आणि मुक्कामाची सोय सांगून ठेवलेली. परवाची परतीची गाडी आरक्षित. मी म्हणालो, "मामा, पाऊस तर आत्ताच सुरू झाला आहे. अर्धा तास थांबू आणि मग ठरवू." नागपूरचे दोघे तरुण म्हणाले, "अर्धा तासही कशाला? पिवळाच अलर्ट आहे." मीही मान डोलावली. मामांनी आमच्याकडे पाहिले आणि शांतपणे एवढेच म्हणाले, "तुम्ही म्हणाल तर मी वाट सांगतो. पण मी येणार नाही, आन माझी पोरंबी येणार नाहीत."

मी त्या क्षणी जो विचार केला तो येथे लिहिणे भाग आहे. मला वाटले, हा माणूस अडवणूक करतो आहे; बहुधा जास्त पैसे हवे असतील. अधिकाऱ्याच्या मनात हा संशय किती सहज येतो! हिशेब तर अगदी उलट होता. पाचनईला पोहोचले तरच त्यांना साडेचार हजार मिळणार होते, आणि परत फिरल्यास माझ्या लेखी अटीनुसार एक पैसाही नाही. ते स्वतःच्या नुकसानीचा सल्ला देत होते. हे माझ्या ध्यानात आणून दिले ते भिलाईच्या काकांनी. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ज्याला थांबण्यात तोटा आहे तो थांबा म्हणतो आहे. आमच्या कारखान्यात असा माणूस बोलला की आम्ही आधी काम थांबवत असू आणि मग कारण विचारत असू."

आम्ही परत फिरलो. उतरताना पाऊस वाढला. सकाळी जो ओढा बूट न भिजवता दगडांवरून ओलांडला होता, तोच दुपारी गुडघ्यापर्यंत होता. मामा आणि त्यांच्या मुलांनी दोर धरून एकेकाला पार केले. मावशींचा पाय घसरला, काठी वाहून गेली, पण त्या सावरल्या. साडेतीनच्या सुमारास आम्ही रतनवाडीत होतो, भिजलेले आणि मुकाट.

रात्री जेवणापूर्वी मी पैशांचे पाकीट काढले. मामांनी हात पुढे केला नाही. म्हणाले, "राहिलेलं नको, साहेब. पाचनई झालीच नाही. कागदावर तसंच लिवलंय." त्यात टोमणा नव्हता. त्यांनी तो कागद माझ्यापेक्षा प्रामाणिकपणे वाचला होता, एवढेच. आमच्यातील एक-दोघांना हे रास्तही वाटले. ठरल्याप्रमाणे वागावे, असे त्यांचे म्हणणे. मी म्हणालो, "मामा, काम झालं आहे. आम्ही अकरा जण निघालो होतो आणि अकरा जण जेवायला बसलो आहोत." बऱ्याच आग्रहाने त्यांनी पैसे घेतले. त्यातले अर्धे आमच्यासमोरच दोन्ही मुलांना दिले.

गोष्ट येथे संपली असती तर सोयीचे झाले असते. परंतु पाचव्या दिवशी सकाळी आकाश स्वच्छ होते. जलाशयावर सोनेरी ऊन पडले होते. नागपूरचा तरुण चहा पिता पिता म्हणाला, "काल गेलो असतो तरी काही झालं नसतं." त्याला खोटे ठरवील असा पुरावा माझ्यापाशी नव्हता, आजही नाही. कदाचित पलीकडचे ओढे फुगलेही नसतील. कदाचित आम्ही दोनला कुमशेतला पोहोचलोही असतो. टळलेल्या अपघाताची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. न पोहोचलेला मुक्काम मात्र सर्वांना दिसतो, आणि त्याचा जाब विचारता येतो. निर्णय चांगला होता की नाही, हे त्याच्या परिणामावरून ठरवायचे नसते. निर्णय घेताना जे दिसत होते आणि ऐकू येत होते, त्यावरून ठरवायचे असते. मामांना पाण्याचा आवाज ऐकू आला होता, मला नव्हता.

परतीच्या गाडीत वरच्या बाकावर पडल्या पडल्या मला अठरा वर्षांपूर्वीचा एक मार्च महिना आठवत राहिला. तेव्हा मी दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या गावी होतो. वसुलीचे वार्षिक उद्दिष्ट पूर्ण होत नव्हते. एका छोट्या कारखान्याविरुद्ध मागणीची नोटीस काढायची होती. माझ्या हाताखालच्या तरुण निरीक्षकाने फायलीवर लिहिले, की पुरावा अपुरा आहे आणि आणखी चौकशी केल्याशिवाय पुढे जाऊ नये. मी ती टिपणी बाजूला सारली आणि नोटीस काढली. कोणी मला तसे करण्यास सांगितले नव्हते. निर्णय माझा होता. चार वर्षांनी अपिलात ती मागणी रद्द झाली. तोपर्यंत तो कारखाना बंद पडला होता. केवळ माझ्या नोटिशीमुळे पडला असे म्हणता येणार नाही, पण तिचा काहीच हात नव्हता असेही मी म्हणू शकत नाही.

आणि त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात त्या निरीक्षकाबद्दल मी लिहिले होते: "उद्दिष्टपूर्तीबाबत उत्साहाचा अभाव." त्या काळी चांगले शेरे गुप्त राहत आणि प्रतिकूल शेरे तेवढे कळवले जात. संपूर्ण अहवाल दाखवण्याची पद्धत २००९ मध्ये आली. म्हणजे माझे ते एक वाक्य त्याच्या हाती नक्की पडले होते. ज्या माणसाने खिंडीच्या तोंडाशी मला थांबवले, त्याचे पैसे मी कापले होते.

बीरगांवला परतल्यावर मी त्याचा दूरध्वनी क्रमांक मिळवला. तो आता अधीक्षक आहे. मी त्याला ती फाईल, ती टिपणी आणि तो शेरा, सारे सांगितले आणि क्षमा मागितली. तो हसून म्हणाला, "सर, केवढी जुनी गोष्ट! मी विसरूनही गेलो होतो." मग क्षणभर थांबून त्याने ते तीन शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले. त्यानंतर आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प होतो. शेवटी त्याने माझ्या मुलीची चौकशी केली, मी त्याच्या आईची केली, आणि फोन ठेवला.

मोबदला परिणामाशी बांधणे वाईट आहे, असा निष्कर्ष यातून मी काढत नाही. रस्ता बांधणाऱ्याला रस्ता झाल्यावरच पैसे द्यावेत. परंतु काही कामांत आपण माणसाचे पाय नव्हे, तर त्याची पारख विकत घेत असतो. वाटाड्या, वैद्य, तपासणी करणारा निरीक्षक, धरणाच्या दारांवर बसलेला शाखा अभियंता यांचे "नाही" हेच अनेकदा त्यांचे सर्वांत मोठे काम असते. त्या "नाही"ला आपल्या कागदांत रकाना नसतो. मग ते फक्त त्याच माणसाकडून येते, जो नुकसान सोसायला तयार आहे, आणि अशी माणसे सर्वत्र मिळतील असा भरवसा धरून कोणतीही व्यवस्था चालवता येत नाही.

माझ्या निवृत्तीला आता थोडीच वर्षे उरली आहेत. हाताखालच्या लोकांचे वार्षिक अहवाल लिहिताना मी यंदापासून एक गोष्ट करतो आहे. या माणसाने वर्षभरात मला कशापासून रोखले, हे आठवून पाहतो आणि आठवले तर तेही लिहितो. पहिल्याच वर्षी बारापैकी दोघांबद्दल असे काही लिहिता आले. उरलेल्या दहांनी मला कधीच रोखले नाही, याचा अर्थ मी कोठेच चुकलो नाही असा होत नाही.

हरिश्चंद्रगड राहिला आहे. पुढील सप्टेंबरात पुन्हा जायचे ठरत आहे. काका अडुसष्टाव्या वर्षीची तयारी म्हणून रोज सकाळी मैत्रीबागेच्या बाजूला चालायला जातात. मामांना मी फोन केला, तर ते म्हणाले, "या, पण तारीख आत्ताच ठरवू नका. वढं काय म्हणत्यात ते बघून मी सांगीन." या वेळच्या कागदावर मी रक्कम तेवढी लिहिली आहे. "पोहोचल्यावर" हा शब्द घातलेला नाही.